रोमांत किती दिवस रहावें?

रोमच्या एका पोपविषयीं एक आख्यायिका सांगतात. तीन परदेशी गृहस्थ दर्शनास आले असतां पोपनें प्रत्येकाला विचारलें कीं, येथें मुक्काम किती दिवसांचा? पहिल्यानें सहा महिने सांगितले. तेव्हां पोप म्हणाला कीं, मग थोडेंसें पाहून होईल. दुसऱ्यानें तीन महिने सांगितले. त्याला उत्तर मिळालें कीं, मग त्याहून बरेंच अधिक पाहून होईल. तिसऱ्यापाशीं एकच आठवडा होता. त्यानें तो ओशाळून सांगितला, तेव्हां पोपनें हंसून त्याला आश्वासन दिलें कीं, तुमचें सगळेंच पाहून होईल.

ही गोष्ट निरनिराळ्या पोपांच्या नांवावर सांगण्यांत येते, तेव्हां ती घडली असेलच असें नाहीं. पण तिच्यांतील थट्टा खोटी नाहीं. रोम पाहावयास निघालेल्या प्रत्येकाला घर सोडण्यापूर्वीच एक हिशेब करावा लागतो. हातीं रजा किती, पदरीं पैसा किती आणि पाहण्याजोगें किती, या तीन आंकड्यांचा मेळ कसाबसा घालून मनुष्य तीन दिवस, पांच दिवस किंवा फार तर आठ दिवस असें कांहीं तरी ठरवितो. आणि हें आपलें आपणच ठरविलें, असें समजतो. इतिहास चाळला तर ही समजूत फारशी टिकत नाहीं. रोममधील मुक्कामाचे दिवस कधीं पोपनें ठरविले, कधीं खाणावळवाल्यांनीं, कधीं तापानें, तर कधीं आगगाडीनें. सातशें वर्षांत हा आंकडा पंधरांवरून तिनावर आला, तिनावरून आठांवर गेला, बेचाळिसांवर चढला आणि पुन्हां दोनावर घसरला. आणि प्रत्येक वेळीं आंकड्याबरोबर पाहणाऱ्याचें रोमही बदललें.

या हिशेबाचा एक ठळक लेखी दाखला १३०० सालचा आहे. त्या वर्षाच्या आरंभीं रोमांत अशी वदंता उठली कीं, शतकाच्या वर्षीं सेंट पीटरच्या समाधीचें दर्शन घेणाऱ्याला मोठें पुण्य लागतें. लोकांच्या झुंडी लोटूं लागल्या. जुन्या दप्तरांत या समजुतीला आधार सांपडेना. तरी पोप आठवा बोनिफेस यानें लोकांची श्रद्धा ओळखली आणि २२ फेब्रुवारी १३०० रोजीं आज्ञापत्र काढून तें वर्ष पापक्षालनाचें महावर्ष म्हणून जाहीर केलें. ख्रिस्ती धर्मांतील तें पहिलें जुबिली वर्ष होय. आज्ञापत्रांतील अट स्पष्ट होती. पश्चात्तापपूर्वक आपलीं पापें धर्मगुरूपाशीं कबूल करावीं, आणि सेंट पीटर व सेंट पॉल या दोन प्रेषितांच्या देवालयांत रोज निदान एकदां जावें. रोमच्या रहिवाशानें असें तीस दिवस करावें, बाहेरून आलेल्यानें पंधरा दिवस. परक्या माणसानें रोमांत किती दिवस रहावें, या प्रश्नाचें उत्तर शहराच्या धन्यानेंच असें देऊन टाकलें.

या अटींत एक बारकावा आहे. यात्रेकरूनें पंधरा ठिकाणें पहावीं, असें पोपनें सांगितलें नव्हतें. दोनच ठिकाणें पंधरा वेळां पहावीं, असें सांगितलें होतें. सेंट पीटरचें देवालय टायबर नदीच्या पलीकडे, शहराच्या वायव्येस. सेंट पॉलचें दक्षिणेस, तटाच्याही बाहेर. एकाकडून दुसऱ्याकडे जातां येतां रोज त्याच वाटा पायांखालीं येत. त्याच भंगलेल्या कमानी, तेच एकाकी खांब, तेंच गवत माजलेलें सभास्थान कधीं सकाळच्या उन्हांत दिसे, कधीं उतरत्या प्रहरीं. नदीवरील सांत आंजेलो पुलावर तर इतकी दाटी होई कीं, जाणाऱ्यांची रांग एका बाजूनें आणि येणाऱ्यांची दुसऱ्या बाजूनें अशी व्यवस्था करावी लागली. कवि दान्ते यानें आपल्या महाकाव्याच्या नरकखंडांत, अठराव्या सर्गांत, पापी जीवांच्या उलटसुलट चालणाऱ्या रांगांना याच पुलाची उपमा दिली आहे.

त्या यात्रेकरूंमध्यें फ्लॉरेन्सचा एक व्यापारी होता, जोव्हानी व्हिलानी. त्या वर्षीं कोणत्याही वेळीं शहरांत दोन लक्ष परके यात्रेकरू असत, हा त्याचा आंकडा अतिशयोक्तीचा मानला तरी गर्दीची कल्पना येण्यास पुरेसा आहे. परंतु व्हिलानीनें नोंदलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोमचे प्राचीन अवशेष पाहत असतां आणि जुन्या लॅटिन इतिहासकारांनीं त्यांच्याविषयीं लिहिलेलें वाचीत असतां त्याच्या मनांत आलें कीं, रोम तर उतरणीला लागलें आहे आणि फ्लॉरेन्स चढणीला लागलें आहे. मग फ्लॉरेन्सचा इतिहास कोणी लिहावयाचा? तो परत गेला आणि बखर लिहूं लागला. १३४८ च्या महामारींत मृत्यु येईपर्यंत ती त्यानें सोडली नाहीं. मध्ययुगीन फ्लॉरेन्सची माहिती आज ज्या ग्रंथावरून मुख्यतः मिळते, त्याचा उगम रोमच्या यात्रेंत आहे.

पंधरा दिवसांनीं पुण्य मिळे, पण पंधरा रात्रींचें भाडेंही द्यावें लागे. ही दुसरी बाजू १३५० सालीं उघडी पडली. शंभर वर्षांनीं यावयाचें जुबिली वर्ष पोप सहावा क्लेमेंट यानें पन्नास वर्षांवर आणलें होतें. कारण शंभर वर्षांची मुदत माणसाच्या आयुष्यांत बसत नाहीं. तें वर्ष मोठें कठीण होतें. महामारीनें युरोपांतील गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. १३४९ च्या भूकंपानें रोममधील देवालयें खिळखिळीं झालीं होतीं. आणि स्वतः पोप फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्याँ येथें राहत होता. तरीही लोक आले; कदाचित् मृत्यु इतका जवळून पाहिला म्हणूनच आले. दर्शनाच्या यादींत आतां लॅटरनच्या देवालयाची भर पडली होती. परक्यांसाठीं मुदत मात्र पंधरा दिवसांचीच होती. जोव्हानीचा भाऊ मात्तेओ व्हिलानी यानें बखर पुढें चालविली. तो सांगतो कीं, सारे रोमन लोक खाणावळवाले बनले. यात्रेकरूंना आणि त्यांच्या घोड्यांना घरांत जागा देऊन त्यांनीं भाडें अवाच्यासवा उकळलें.

पोपचा प्रतिनिधि म्हणून कार्डिनल अनिबाल्दो त्या वर्षीं रोमांत होता. शहरांत माणसें मावत नाहींत आणि अन्न पुरत नाहीं, हें पाहून त्यानें मुदत कमी करण्यास आरंभ केला. पंधरा दिवसांऐवजीं थोड्या दिवसांतच तो लोकांना पूर्ण पुण्य देऊन मोकळें करूं लागला. यात्रेकरूंनीं त्याला दुवा दिला असेल. पण घरमालकांच्या उत्पन्नाला कात्री लागली. त्याच्याविषयींच्या रोषाला इतर कारणेंही होतीं. त्यांत या कारणाची भर पडली. एके दिवशीं तो देवालयांच्या फेरीस निघाला असतां त्याच्यावर बाण सोडण्यांत आले. त्यांपैकीं एक त्याच्या टोपींतून आरपार गेला. मारेकरी सांपडले नाहींत. पाहुण्यानें किती दिवस रहावें, हा प्रश्न वरून केवळ सोयीचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर एका शहराची रोजी अवलंबून असते, आणि त्यासाठीं माणसें शस्त्रालाही हात घालतात, हें या प्रसंगावरून दिसून येतें.

पुढें शंभर वर्षांनीं, १४५० सालीं, पोप पांचवा निकोलस यालाही गर्दीपुढें नमून मुदत कमी करावी लागली. तरीही १९ डिसेंबर रोजीं संध्याकाळीं, सेंट पीटरहून परतणारा लोंढा सांत आंजेलो पुलावर अडकला. समोरून येणारें एक खेंचर गर्दींत बिथरलें, मागचे लोक पुढच्यांवर कोसळले, आणि सुमारे दोनशें माणसें चेंगरून किंवा नदींत पडून मेलीं. पोपनें नंतर पुलाची वाट अडविणारीं घरें पाडविलीं आणि मृतांच्या स्मरणार्थ पुलाच्या तोंडाशीं दोन लहान प्रार्थनामंदिरें बांधविलीं. मुदत लांबवावी तर अन्न पुरत नाहीं. आंखडावी तर घरमालक बिथरतात. आणि कशीही ठेविली तरी पूल तोच, अरुंदच. लोकप्रिय शहराचें हें त्रांगडें आजचें नव्हे.

सोळाव्या शतकांत येणारा मनुष्य बदलूं लागला. देवदर्शनाबरोबर प्राचीन रोम पाहण्याची हौस घेऊन लोक येऊं लागले, आणि त्यांच्यासाठीं खिशांत मावतील अशीं पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं. त्या शतकाच्या मध्यास निघालेल्या एका लहानशा मार्गदर्शकांत रोमचे अवशेष पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस असे वांटून दिलेले आहेत. पंधरा दिवसांचें रोम अशा रीतीनें तीन दिवसांचें झालें. फरक नुसत्या आंकड्याचा नव्हता. पंधरा दिवसांच्या मुदतींत एकाच ठिकाणीं पुनःपुन्हां जावयाचें होतें. तीन दिवसांच्या यादींत एका ठिकाणीं दुसऱ्यांदा जाण्यास जागाच उरली नाहीं.

अशा पुस्तकांचा आणि वाटाड्यांचा उपयोग कसा करावा, याचा धडा फ्रेंच निबंधकार मोंतेन यानें घालून दिला. तो १५८० च्या नोव्हेंबरअखेर रोमला पोंचला आणि पुढील एप्रिलपर्यंत राहिला. प्रथम त्यानें एक फ्रेंच वाटाड्या ठेवला. पण कांहीं तरी बिनसून तो माणूस निघून गेला. तेव्हां मोंतेननें नकाशे आणि पुस्तकें मागविलीं. रात्रीं तीं वाचावीं आणि दिवसा त्या त्या जागीं जाऊन वाचलेलें पडताळून पहावें, असा क्रम त्यानें धरला. आणि थोड्याच दिवसांत तो आपल्या वाटाड्यालाच वाट दाखवूं शकला असता, असें त्याच्या प्रवासवृत्तांत नमूद आहे. निघण्यापूर्वीं त्यानें खटपट करून रोमचें नागरिकत्वाचें सन्मानपत्रही मिळविलें. नुसता पाहुणा म्हणून परत जाणें त्याला रुचलें नाहीं.

अठराव्या शतकांत हा व्यवहार पुरता व्यवस्थित झाला. रोमच्या भव्य इमारतींचीं चित्रें कोरणारा कलावंत जुझेप्पे व्हासी यानें १७६३ सालीं एक मार्गदर्शक प्रसिद्ध केला. त्यांत प्राचीन आणि अर्वाचीन रोमचे आठ दिवस पाडलेले आहेत. सधन इंग्रज घराण्यांतील तरुणांनीं शिक्षण पुरें करण्यासाठीं इटलीची सफर करावी, अशी त्या काळीं चाल होती. त्यांची गरज मात्र आठ दिवसांवर भागत नसे. डॉ. जॉन मूर हा स्कॉटिश वैद्य एका तरुण ड्यूकबरोबर इटलींत हिंडला होता. १७८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत तो सांगतो कीं, पुराणवस्तूंच्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन रीतसर रोम पाहण्यास रोजचे तीन तास याप्रमाणें सहा आठवडे लागतात.

याच ठिकाणीं मूरनें एका इंग्रज तरुणाची हकीकत दिली आहे. रोज तीन तास आणि सहा आठवडे हें त्याला असह्य वाटलें. त्यानें एक माहितगार गांठला, पहांटे चार घोड्यांची गाडी तयार ठेवविली, आणि देवालयें, वाडे, उद्यानें, अवशेष यांतून भरधांव गाडी पिटाळीत दोन दिवसांत सारें रोम उरकलें. पुढें त्यानें ठेविलेली यादी मूरनें ताडून पाहिली. तेव्हां आढळलें कीं, मूरच्या मंडळींनीं सहा आठवड्यांत पाहिलेलें एकही चित्र, एकही तुटकी मूर्ति त्या तरुणाच्या यादींतून सुटलेली नव्हती. या हकीकतींतील उपरोध उघड आहे. पण त्यांत एक अडचणीचा मुद्दाही आहे. यादी हेंच जर माप असेल, तर सहा आठवडे राहणारा मूर्ख ठरतो. दिवस अधिक लागतात ते यादी पुरी करण्यास नव्हेत; मग ते कशासाठीं लागतात?

या प्रश्नाचें उत्तर एडवर्ड गिबन याच्या चरित्रांत मिळतें. गिबन १७६४ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं रोमला आला. पहिले कित्येक दिवस केवळ धुंदींत गेले, शांतपणें कांहीं न्याहाळणें शक्यच नव्हतें, असें तो आत्मवृत्तांत कबूल करतो. ते दिवस वायां गेले कीं सार्थकीं लागले, हेंही त्याला धड ठरवितां आलेलें नाहीं. १५ ऑक्टोबर रोजीं संध्याकाळीं कॅपिटोल टेंकडीवर, जेथें ज्युपिटरचें मंदिर होतें असें त्या काळीं समजत तेथें, अनवाणी साधु सायंप्रार्थना म्हणत होते. ती ऐकत बसला असतां या नगरीच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा, ही कल्पना प्रथम त्याच्या मनांत आली, असें तो लिहितो. त्यानंतर स्कॉटिश पुराणवस्तुज्ञ जेम्स बायर्स याच्या देखरेखीखालीं त्यानें एकंदर अठरा आठवडे रोजची मेहनत केली. मधूनमधून लक्ष थकून जाई, हेंही तो लपवीत नाहीं. शेवटीं जेव्हां सर्व पुन्हां एकदां पाहिलें, तेव्हां कोठें त्याला निवड करण्याची पात्रता आली. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला आणि शेवटचे १७८८ सालीं.

येथें दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. कल्पना सुचण्यास दिवस फार लागले नाहींत. व्हिलानीला ती यात्रेच्या मुदतींत सुचली, गिबनला पंधरवड्यांत. पण त्या दोघांनींही त्या दिवसांत शहर उरकण्याची घाई केली नव्हती. आणि कल्पना सुचल्यावर तिला आकार देण्यासाठीं जें दुसऱ्यांदा पाहणें लागतें, त्याला मात्र थोडे दिवस पुरत नाहींत.

जर्मन कवि गटे याचा अनुभव हेंच दाखवितो. ३ सप्टेंबर १७८६ रोजीं भल्या पहांटे, मित्रांना न सांगतां, तो कार्ल्सबाडहून निघाला. रोमची ओढ इतकी कीं, वाटेंत फ्लॉरेन्ससारख्या शहराला त्यानें अवघे तीन तास दिले. ऑक्टोबरअखेर रोमला पोंचल्यावर त्यानें नांव बदललें, चित्रकारांच्या बिऱ्हाडीं उतरला, आणि फेब्रुवारींत नेपल्सकडे गेला. एवढ्यानें सफर पुरी व्हावयाची. पण जूनमध्यें तो पुन्हां रोमला परतला आणि २३ एप्रिल १७८८ पर्यंत राहिला. पहिल्या मुक्कामांत त्यानें पाहिलें. दुसऱ्यांत तो तेथें राहूं लागला, चित्रकला शिकूं लागला, अर्धवट राहिलेलीं नाटकें पुरीं करूं लागला. त्याच्या प्रवासवर्णनांत या दुसऱ्या मुक्कामाला स्वतंत्र भाग द्यावा लागला, यावरून त्या दोहोंतील अंतर कळून येतें.

अर्थात् मुक्काम लांबविणें हें नेहमीं पाहुण्याच्या हातीं नसे. उन्हाळा आला कीं रोमांत तापाची साथ सुरू होई. पाणथळ माळरानांवरून येणारी दूषित हवा हें त्याचें कारण, असें लोक मानीत. मलेरिया या शब्दाचा इटालियन भाषेंतील मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. त्यामुळें परके लोक शरद्ऋतूंत येत आणि ईस्टर उलटल्यावर निघूं लागत. मुक्कामाची कमाल मर्यादा अशी एका अदृश्य शत्रूनें आंखून दिली होती. या शत्रूचा शोध लागण्याच्या कामीं हिंदुस्थानचाही भाग आहे. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथें डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु सांपडले. आणि १८९८ सालीं जोव्हानी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोमांत सिद्ध केलें कीं, माणसांत हा ताप पसरविणारा डांस अ‍ॅनॉफिलीस जातीचा असतो. पुढें पाणथळ जागा कोरड्या होत गेल्या, तसतसा उन्हाळाही पाहुण्यांना खुला झाला.

दिवस पुष्कळ असूनही शहर न दिसल्याचें उदाहरण इंग्रज कवि कीट्स याचें आहे. क्षयानें जर्जर झालेला कीट्स हवापालटासाठीं १८२० च्या नोव्हेंबरांत रोमला आला आणि २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, स्पॅनिश पायऱ्यांलगतच्या घरांत वारला. हे सुमारे शंभर दिवस होतात. गिबनच्या अठरा आठवड्यांहून थोडेच कमी. पण शेवटचे आठवडे एका खोलींत गेले, आणि त्या खोलीच्या छताखेरीज त्याला फारसें कांहीं दिसलें नाहीं. नुसत्या दिवसांची मोजणी किती पोकळ असूं शकते, याची साक्ष तें घर देतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी आली. रोम ते चिव्हितावेक्किया बंदर हा लोहमार्ग १८५९ सालीं सुरू झाला. १८६४ सालीं टॉमस कुकनें इंग्रज प्रवाशांचे जथे इटलींत आणण्यास आरंभ केला. आणि १८७० सालीं पोपची राजकीय सत्ता संपून पुढील वर्षीं रोम ही संयुक्त इटलीची राजधानी झाली. आगगाडीनें जें बदललें तें प्रवासाचें आणि मुक्कामाचें प्रमाण. गटेला वाटेंतच आठ आठवडे लागले. इतकें येऊन दोन दिवसांत परत फिरणें त्याला वेडेपणाचें वाटलें असतें. जेथें एक-दोन दिवसांत पोंचतां येतें, तेथें दोन दिवस रहाणें हें शहाणपणाचें वाटूं लागतें. मूरच्या इंग्रज तरुणाला लोक हंसले. शंभर वर्षांनीं त्याचीच रीत सर्वमान्य झाली.

याच संधिकालांत उलट दिशेनें जाणारा एक पाहुणा रोमांत राहत होता. फर्डिनंड ग्रेगोरोव्हियस हा जर्मन लेखक १८५२ सालीं आला. दोन वर्षें तो गल्लीबोळांतून हिंडला; आणि १८५४ सालीं टायबरमधील बेटाच्या पुलावरून शहराकडे पाहत असतां मध्ययुगीन रोमचा इतिहास लिहिण्याचें त्याच्या मनानें घेतलें. प्राचीन रोमसाठीं सारें जग येत होतें. पण मधलीं हजार वर्षें कोणाच्याच यादींत नव्हतीं. आठ खंडांचा तो इतिहास १८५९ ते १८७२ या काळांत बाहेर पडला. बोनिफेसचीं पंधरा दिवसांची अट, कार्डिनल अनिबाल्दोवरील हल्ला, पुलावरील चेंगराचेंगरी या साऱ्या हकीकती त्यांत आहेत. १८७४ सालीं त्याचा ग्रंथ पोपच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादींत पडला, आणि त्याच वर्षीं बावीस वर्षांचा मुक्काम आटोपून तो जर्मनीस गेला. रोमच्या नगरपालिकेनें १८७६ सालीं त्याला सन्माननीय नागरिक करून घेतलें.

बावीस वर्षें कोणाला मिळणार? आणि तेवढीं लागावींतच कशाला? याचें कारण रोमच्या रचनेंत आहे. कलोसियमपासून थोड्या अंतरावर सेंट क्लेमेंटचें देवालय आहे. रस्त्यावरून आंत शिरावें तें बाराव्या शतकांतील चर्चमध्यें. १८५७ सालीं जोसेफ मुलूली या आयरिश धर्मगुरूनें त्याच्या खालीं खणण्यास आरंभ केला, तेव्हां चौथ्या शतकांतील चर्च निघालें. त्याच्याही खालीं पहिल्या शतकांतील इमारती आणि मिथ्र देवाचें मंदिर सांपडलें. जिना उतरावा तसतशीं शतकें उतरत जातात, आणि अगदीं तळाशीं वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो. गिबननें हें पाहिलेलें नाहीं, गटेनेंही नाहीं. तेव्हां अठरा आठवड्यांतही रोम संपत नाहीं, हें तर ठरलेंच. पण उलट असेंही आहे कीं, या एका देवालयांत अर्धा दिवस शांतपणें घालविणाऱ्याला रोम म्हणजे काय, हें कळूं शकतें.

आजचा हिशेब पुन्हां रात्रींवर आला आहे. २०११ सालापासून रोमच्या नगरपालिकेनें पाहुण्यांवर माणशीं व दर रात्रीमागें मुक्कामाचा कर बसविला आहे. हॉटेलांत तो लागोपाठच्या दहा रात्रींपुरताच घेतात. अकराव्या रात्रीपासून पाहुणा करमुक्त होतो. बोनिफेसच्या काळीं पंधराव्या दिवशीं पाप फिटत असे. आतां दहाव्या रात्रीनंतर कर फिटतो. मात्र ही सवलत पदरांत पाडून घेण्याइतके दिवस राहणारे विरळाच. २०२५ चें जुबिली वर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजीं सुरू होऊन ६ जानेवारी २०२६ रोजीं संपलें. त्यांत पंधरा दिवसांची अट नव्हती, एका यात्रेनेंही काम भागत होतें. चर्चनेंही काळाबरोबर मुदत आंखडली, यांत नवल नाहीं. १३५० पासून तें तेंच करीत आलें आहे.

मग रोमांत किती दिवस रहावें? इतिहासानें दिलेलें उत्तर आंकड्याचें नाहीं, रीतीचें आहे. ज्याच्यापाशीं तीनच दिवस आहेत त्यानें पस्तीस ठिकाणांची यादी करूं नये. मूरचा तरुण ती त्याच्याहून लवकर पुरी करून गेला आहे. त्यानें दोन ठिकाणें निवडावीं आणि तेथें रोज जावें. कॅपिटोल टेंकडीच्या मागील कठड्यावरून प्राचीन सभास्थान एकदां सकाळीं पहावें, एकदां दिवे लागल्यावर पहावें. रात्रीं खोलीवर त्याविषयीं दोन पानें वाचावीं आणि दुसऱ्या दिवशीं मोंतेनप्रमाणें तीं पडताळून पहावीं. ज्या दिवशीं पाहिलेलीच वस्तु निराळी दिसली, त्या दिवसापासून मुक्काम मोजावयास लागावें. असा एक दिवस ज्याच्या वांट्याला आला, तो रोमांत राहिला. ज्याच्या वांट्याला तो आला नाहीं, तो महिनाभर असला तरी येऊन गेला, एवढेंच.

सेंट पीटरच्या देवालयाच्या दर्शनी मंडपांत, भिंतीवर, एक संगमरवरी शिला बसविलेली आहे. १३०० सालचें आज्ञापत्र तिच्यावर कोरलेलें आहे; त्यांत रहिवाशांसाठीं तीस आणि परक्यांसाठीं पंधरा दिवसांची अट आहे. आंत जाण्याच्या घाईंत असलेली रांग रोज तिच्यासमोरून पुढें सरकते.